पहिलं मॉडेल इंजिन निवडताना: कोकणातल्या घरासाठी सविस्तर मार्गदर्शन

मॉडेल रेल्वेचा नाद लागला की पहिलं इंजिन बहुतेक जण कॅटलॉग चाळून ठरवतात. चित्र आवडतं, रंग आवडतो, सवलत दिसते आणि पैसे भरले जातात. माझं मत याच्या उलट आहे. कॅटलॉग सगळ्यात शेवटी उघडावा. त्याआधी आपल्या स्टेशनावरून जाणारी कोणती गाडी आपल्याला घरात हवी आहे ते ठरवावं, आणि आपल्या घरातल्या दमट हवेत कोणतं यंत्र टिकेल ते बघावं. रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत कुठेही राहत असाल तरी या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निवड जवळजवळ झालेलीच असते.

आधी गाडी ठरवा, मग इंजिन

इंजिन एकटं कपाटात ठेवायचं असेल तर कोणतंही चालेल. पण ज्याला ते चालवायचं आहे, त्याला मागे डबे लागणार, आणि डबे म्हणजे एक ठरावीक गाडी, ठरावीक काळ. कोकण रेल्वेपुरतं बोलायचं तर काळाचे दोन सरळ भाग पडतात. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हापासून मार्गाचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण होईपर्यंत इथे डिझेलचं राज्य होतं. त्यानंतर तारा आल्या आणि डब्ल्यूएपी-७ सारखी विजेची इंजिनं आली.

तुमची आठवण कोणत्या काळातली आहे? मांडवी किंवा कोकणकन्या निळ्या आयसीएफ (जुन्या बनावटीच्या) डब्यांची होती, घाट चढताना इंजिन काळा धूर सोडायचं आणि त्याचा आवाज दोन वाड्यांपलीकडे ऐकू यायचा, हे ज्याच्या मनात आहे त्याने अल्को घराण्यातलं इंजिन बघावं: डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूडीएम-३ए किंवा डब्ल्यूडीएम-३डी. मूळ आराखडा अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा, बांधणी वाराणसीच्या कारखान्यातली. डब्ल्यूडीएम-२ ची ताकद २६०० अश्वशक्ती, ३ए ची ३१०० आणि ३डी ची ३३००. पुढच्या काळातली दोन केबिनची मोठी डब्ल्यूडीपी-४डी ही ईएमडी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातली, ४५०० अश्वशक्तीची. तिचा आवाज वेगळा, कारण तिचं इंजिन दोन स्ट्रोकचं आहे आणि अल्कोचं चार स्ट्रोकचं.

घरातल्या मुलासाठी घेत असाल तर त्याच्या डोळ्यांसमोरची गाडी घ्या. आज शाळेत असलेल्या मुलाने कुडाळला किंवा चिपळूणला विजेचं इंजिनच पाहिलेलं असतं. जून २०२३ मध्ये सुरू झालेली मडगाव वंदे भारत त्याला जास्त जवळची वाटेल. मात्र तिला वेगळं इंजिनच नसतं, मोटारी डब्यांखाली असतात. त्यामुळे ‘एक इंजिन घेऊ, डबे हळूहळू जोडत जाऊ’ हा हिशेब तिथे चालत नाही, पूर्ण संच एकदम घ्यावा लागतो. पहिल्या खरेदीसाठी हे मला जड वाटतं.

रायगडकरांसाठी तिसरा मार्गही आहे: १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ–माथेरान गाडी आणि तिची ऑरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने जर्मनीत बांधलेली छोटी वाफेची इंजिनं. जागा कमी असणाऱ्यांना हा मार्ग फार सोयीचा पडतो. तो कसा, ते पुढे मापाच्या भागात येईलच.

गाडी ठरली की एक काम लगेच करा. तुमच्याकडचे, नातेवाइकांकडचे जुने फोटो काढा. गणपतीला स्टेशनवर उतरल्यावर काढलेल्या घरच्या फोटोंत मागे इंजिन हमखास सापडतं. त्यावरचा रंगाचा पट्टा, पाच अंकी क्रमांक, बाजूला लिहिलेलं शेडचं नाव (कल्याण किंवा आणखी कुठलं) टिपून ठेवा. पुढे मॉडेल हातात आल्यावर तुलना करायला दुसऱ्या कुणाचं मत लागत नाही.

माप: घरात जागा किती, डोळा किती चांगला

सगळ्यात जास्त प्रचलित स्केल एचओ. यात सगळं १:८७ या प्रमाणात लहान होतं आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. गणित सोपं आहे. खऱ्या इंजिनाची लांबी भागिले ८७. डब्ल्यूएपी-७ साधारण साडेवीस मीटर लांब, म्हणजे मॉडेल साडेतेवीस सेंटीमीटरच्या आसपास. डब्ल्यूडीएम-२ सतरा मीटरच्या थोडी वर, म्हणजे वीस सेंटीमीटरला थोडी कमी.

आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ येतात, पण मॉडेल मात्र १६.५ च्या रुळावर चालतं. म्हणजे भारतीय एचओ इंजिनाची चाकं खऱ्याच्या मानाने थोडी आत असतात. समोरून बघताना हे जाणवतं, बाजूने अजिबात नाही. जगभर मिळणारा ट्रॅक, सांधे, कंट्रोलर वापरता यावेत म्हणून ही तडजोड केलेली असते आणि मला ती पूर्ण पटते. १९.३ चा ट्रॅक स्वतः घडवायचा असेल तर इंजिनाआधी रूळ बनवण्यातच वर्ष जाईल.

आता जागा. बाजारात मिळणारी आठ बाय चार फुटांची प्लायची शीट म्हणजे २४४ बाय १२२ सेंटीमीटर. त्यावर ४३८ मिलिमीटर त्रिज्येची वळणं टाकली, कडेला सहा-सहा सेंटीमीटर सोडले, तर मधला सरळ भाग सुमारे १४४ सेंटीमीटर उरतो. एलएचबी (नव्या बनावटीचा) डबा एचओमध्ये २७ सेंटीमीटरचा. इंजिन आणि चार डबे मिळून १३२ सेंटीमीटर होतात, ते सरळ भागावर नीट मावतात. पाचवा डबा जोडला की शेपूट वळणावर जातं. वीस-बावीस डब्यांची पूर्ण मांडवी घरात उभी करायची तर सहा मीटर लांब भिंत हवी. चार डब्यांतही गाडी ओळखू येते, फक्त डब्यांची निवड नीट करावी लागते.

सहा आसांचं इंजिन घेणार असाल तर वळणाची त्रिज्या आधी बघा. डब्ल्यूडीएम, डब्ल्यूडीपी-४डी, डब्ल्यूएपी-७ या सगळ्यांना पुढे तीन आणि मागे तीन आस आहेत. ३६० मिलिमीटरच्या वळणावर ती जेमतेम फिरतात, कधी फिरतच नाहीत, आणि फिरली तरी डोळ्याला बरी दिसत नाहीत. खोक्यावर किमान त्रिज्या छापलेली असते. तुमच्या घरात त्यापेक्षा लहान वळणच बसणार असेल तर ते इंजिन सोडून द्या.

जागाच नसेल तर एन स्केल आहे: १:१६०, रूळ ९ मिलिमीटर. डब्ल्यूएपी-७ तिथे तेरा सेंटीमीटरपेक्षाही लहान होते. पण दोन अडचणी आहेत. भारतीय इंजिनं या मापात सहजी मिळत नाहीत, आणि इतक्या लहान चाकांवर धूळ-ओलाव्याचा परिणाम फार लवकर होतो. कौलारू घर असेल तर एन स्केल मी सुचवणार नाही.

माथेरानच्या गाडीचं माप मात्र सुंदर जुळतं. दोन फुटी रूळ म्हणजे ६१० मिलिमीटर. १:७६ या ब्रिटिश मापात तो ८ मिलिमीटर होतो, म्हणजे ९ मिलिमीटरच्या सहज मिळणाऱ्या ट्रॅकला अगदी जवळ. या अरुंद गाड्यांसाठी नऊ इंच त्रिज्येची वळणं चालतात, त्यामुळे कॅरमबोर्डाएवढ्या फळीवर पूर्ण फेरा बसतो. नेमकं माथेरानचं इंजिन मिळालं नाही तरी त्या धाटणीची छोटी जर्मन वाफेची इंजिनं या मापात बनतात.

एक इशारा. ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६, पण त्याचाही ट्रॅक १६.५ चाच. इंजिन एचओच्या रुळावर चालेल, पण एचओच्या डब्यांपुढे ते चढं दिसेल. जुन्या वस्तूंच्या बाजारात हॉर्न्बीचं ब्रिटिश इंजिन समोर आलं की हे लक्षात ठेवा. आणि मार्कलिन या जर्मन कंपनीची पारंपरिक एचओ इंजिनं मधल्या तिसऱ्या संपर्कातून वीज घेणाऱ्या पद्धतीची असतात. ती साध्या दोन रुळांच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) ट्रॅकवर चालत नाहीत. खोकं उत्तम, भाव उत्तम, आणि घरी आणल्यावर इंजिन जागचं हलत नाही, असं यात होतं.

मापं कागदावर वाचून कळत नसतील तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. पैसे खर्च करण्याआधी तिथे एक चक्कर मारा. चालती गाडी डोळ्यांनी पाहिली की तिच्या आकाराचा अंदाज जसा येतो तसा फोटोवरून येत नाही.

हुबेहूब भारतीय, की परदेशी नातेवाईक

भारतीय इंजिनांची चांगली एचओ मॉडेलं छोटे उत्पादक थोड्या थोड्या संख्येने काढतात. एक खेप संपली की पुढची कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून ठरवलेलं इंजिन दिसलं तर फार काळ घोळवू नये. सेंटी टॉइजसारख्या कंपनीची बॅटरीवरची भारतीय गाडी ही मुळात खेळणं आहे. लहान मुलाला द्यायला ती छान, आणि काही हौशी मंडळी तिच्या सांगाड्यावर बरीच कारागिरीही करतात. पण तिला मॉडेल लोको म्हणून घेऊ नका, यंत्राच्या बाबतीत दोन्हींत फार अंतर आहे.

भारतीय मॉडेल मिळेना, तर त्याच घराण्यातलं परदेशी इंजिन घेण्यात कमीपणा नाही. अल्कोच्या अमेरिकी डिझेल इंजिनांची मॉडेलं अ‍ॅटलस कंपनीने काढली आहेत. डब्ल्यूएपी-५ हे विजेचं इंजिन एबीबी कंपनीच्या ज्या कुटुंबातून आलं, त्याच कुटुंबातलं स्विस आरई ४६० मार्कलिन आणि रोको दोघांनीही बनवलं आहे. मार्कलिनचं घेताना वर सांगितलेली तीन संपर्कांची बाब तपासा.

डब्ल्यूडीएम-२ ची पारख करायची माझी जागा ठरलेली आहे: खालची बोगी, म्हणजे डबा नव्हे, चाकांची चौकट. खऱ्या इंजिनाच्या बोगीत तीन आसांमधली अंतरं सारखी नसतात, मधला आस एका बाजूला सरकलेला असतो. स्वस्तातल्या मॉडेलवर वरचा सांगाडा डब्ल्यूडीएमचा आणि खाली समान अंतराच्या आसांची कुठलीतरी तयार बोगी असते. वरच्या बाजूला जाळ्या, शिड्या, हॉर्न सगळं बरोबर असलं तरी ही एक गोष्ट चुकली की बाजूने बघताना इंजिनाचा तोलच बिघडतो. विक्रेत्याकडून सरळ बाजूने काढलेला फोटो मागवा आणि पट्टी लावून बघा.

डिझेल की वीज यावर माझं मत विचाराल तर पहिलं इंजिन डिझेल घ्यावं. विजेच्या इंजिनावरचा पॅन्टोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) फार नाजूक असतो. साफसफाई करताना, खोक्यात ठेवताना पहिल्यांदा तोच वाकतो. शिवाय वर तारा नसताना उभा केलेला पॅन्टोग्राफ अपुरा वाटतो, आणि तारा ओढायच्या तर खांब, आर्म, ताण हा वेगळाच उद्योग होतो. डिझेलला रूळ पुरतात. ज्याचं मन डब्ल्यूएपी-७ वरच बसलं आहे त्याने ती जरूर घ्यावी, पॅन्टोग्राफ खाली पाडून चालवावी.

हातात घेऊन तपासणी

आता यंत्र. चांगल्या एचओ इंजिनात मोटर मधोमध असते, तिच्या दोन्ही टोकांना जड फ्लायव्हील (गती एकसारखी ठेवणारं चाक) आणि तिथून दोन्ही बोगींकडे दांडे गेलेले असतात. सगळी चाकं ओढतात आणि सगळी चाकं वीज उचलतात. स्वस्त इंजिनात मोटर एकाच बोगीवर बसवलेली असते, बाकीची चाकं नुसती फिरतात. आपल्याकडे रूळ लवकर मळतात, त्यामुळे जितकी जास्त चाकं वीज उचलतील तितकं बरं. माझ्या लेखी हा मुद्दा रंगकामापेक्षा वरचा आहे.

दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी इंजिन रुळावर ठेवायला सांगा. कंट्रोलर अगदी हळूहळू फिरवा. चांगलं इंजिन सरपटल्यासारखं निघतं, स्लीपर मोजता येतील इतकं सावकाश. झटका देऊन एकदम पळणारं इंजिन कमाल वेगाला कितीही छान दिसलं तरी स्टेशनात शिरताना ते तुम्हाला रोज चिडवेल. मग दोन्ही दिशांना चालवा. एका दिशेला घरघर आणि दुसऱ्या दिशेला शांत, असं असेल तर गिअरमध्ये काहीतरी सैल आहे. पाच मिनिटांनी वरून हात लावा. कोमट ठीक, चटका बसता कामा नये.

उलटं करून चाकं बघा. चाकांवर काळी पुटं असतील तर हरकत नाही, ती निघतात. काही चाकांवर रबरी कडी असते, ती कडक झालेली किंवा चिकट झालेली असेल तर बदली मिळते का ते विचारा. जुन्या इंजिनात प्लास्टिकच्या गिअरला आसाजवळ चीर गेलेली असते. अशा वेळी प्रत्येक फेऱ्याला ठरावीक जागी ‘टक’ असा आवाज येतो. आणि फार जुनं, ओतीव धातूचं मॉडेल असेल तर धातूवर बारीक भेगा, फुगवटा, वाकलेला सांगाडा शोधा. अशुद्ध जस्ताच्या मिश्रधातूला लागणारी ही कीड बरी होत नाही, आणि दमट हवेत ती जोराने वाढते. तसं इंजिन फुकट मिळालं तरी कोकणात आणू नये.

खारी हवा आणि चार महिने पाऊस

मॉडेल रेल्वेवरचे बहुतेक सल्ले कोरड्या, थंड देशांत लिहिले गेले आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं, आणि किनाऱ्याजवळच्या गावात वाऱ्याबरोबर खारटपणा घरात शिरतो. त्यामुळे इंजिन घेतानाच ते चार महिने कुठे राहणार हे ठरवायला हवं.

जागा पडवीत नको, ओटीवर नको. माजघर किंवा आतली खोली, आणि चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब. कौलारू घरात वरून माती झडते, पाली असतात, म्हणून लेआउटवर (फळीवर मांडलेल्या रुळांवर) झाकण किंवा घट्ट विणीचं कापड हवंच. प्लाय घेताना ‘बीडब्ल्यूपी’ म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा घ्या. साधा कमर्शियल प्लाय एका पावसात फुगतो आणि रुळांचे सांधे वर-खाली होतात.

ट्रॅक निकेल-सिल्व्हरचाच घ्या. स्वस्त संचांमध्ये स्टीलचे रूळ येतात, ते किनाऱ्यावर गंजतात. रूळ आणि चाकं पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरेसं आहे. पॉलिश पेपर मारू नका, त्याने बारीक चरे पडतात आणि मळ त्या चऱ्यांतच बसतो.

तेलाबद्दल स्पष्ट सांगतो: खोबरेल तेल नको, स्वयंपाकघरातलं कोणतंच तेल नको. ते घट्ट होतं आणि गिअर चिकटतात. प्लास्टिकला चालणारं, मॉडेलसाठीचं हलकं तेल सुईच्या टोकावर येईल तेवढंच, फक्त बेअरिंगला.

जूनमध्ये इंजिन उचलून हवाबंद डब्यात ठेवणार असाल तर सोबत सिलिका जेल ठेवा. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या. निळ्या प्रकारात विषारी कोबाल्ट क्षार असतात, घरात लहान मुलं असतील तर ते नकोच. जेलने रंग बदलला की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास वाळवून पुन्हा वापरता येतं. कपड्यांत ठेवतो तशा डांबरगोळ्या किंवा कापूर मात्र या डब्यात अजिबात टाकू नका. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं आणि रंग खराब होतो. जुन्या खोक्यातला स्पंजसुद्धा तपासा. दमट हवेत तो कुजतो आणि इंजिनाच्या रंगाला चिकटून बसतो. स्पंज चुरगळत असेल तर काढून टाका, इंजिन आम्लरहित पातळ कागदात गुंडाळा.

आणि चार महिने नुसतं बंद करून ठेवू नका. पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून दहा मिनिटं चालवलं की तेल पसरलेलं राहतं, मोटर सैल राहते.

आवाज आणि कंट्रोल

साधं डीसी म्हणजे रुळात शून्य ते १२ व्होल्ट, व्होल्ट वाढले की वेग वाढतो. डीसीसी म्हणजे रुळात कायम वीज आणि प्रत्येक इंजिनातल्या डिकोडरला (हुकूम ओळखणाऱ्या छोट्या सर्किटला) स्वतंत्र हुकूम. एकाच इंजिनासाठी डीसी पुरेसं आहे. पण घेताना इंजिनात डिकोडरसाठी सॉकेट आहे का ते बघा, म्हणजे पुढे वाट मोकळी राहते. अल्कोचा आवाज आवडणाऱ्यांना तर हे लागणारच, कारण आवाजही डिकोडरमधूनच येतो. खऱ्या डब्ल्यूडीएम-२ मधलं २५१ मालिकेचं इंजिन अमेरिकेतल्या अल्को गाड्यांतही होतं, आणि ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड डिकोडरसाठी त्याचे आवाज तयार मिळतात. हॉर्न अमेरिकी येतो, तेवढा बदलून घ्यावा लागतो.

परदेशातून कंट्रोलर आणताना मागची पट्टी वाचा. जपानचा १०० व्होल्टचा, अमेरिकेचा १२० चा. आपल्या २३० च्या प्लगमध्ये तो लावला की जळणार. ब्रिटन-युरोपचा चालतो, फक्त पिन वेगळी.

पैसे आणि कस्टम

हातातल्या रकमेपैकी निम्मी इंजिनाला, निम्मी ट्रॅक, कंट्रोलर आणि दोन डब्यांना, असा हिशेब मी धरतो. सगळे पैसे इंजिनात घातले तर ते कपाटातच राहतं. परदेशातून मागवताना लक्षात घ्या की स्केल मॉडेलं कस्टमच्या दृष्टीने खेळण्यांच्याच गटात मोडतात. त्या गटावरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, आणि जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे. दर बदलत असतात, म्हणून मागवण्याच्या आठवड्यात चालू दर आणि नियम बघूनच ऑर्डर द्या. पार्सल अडकलं तर सोडवायला मुंबईच्या फेऱ्या होतात.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी डबे न जोडता दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम वेगाने चालवा. मोटर आणि गिअर बसतात. खोकं, बिल, सुटे भाग जपून ठेवा. कपलिंगची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) उंची तुमच्या डब्यांशी जुळते का ते लगेच तपासा, परत करायचं तर तेव्हाच करता येतं.

डबे दोन-दोन करून घ्या, आणि पहिल्या जोडीत गार्डचा डबा असू द्या. चारच डब्यांची मांडवी करायची तर एक गार्ड-लगेजचा, एक जनरल, एक स्लीपर आणि एक एसी एवढ्यात गाडी ओळखता येते. कोकण रेल्वेचंच काहीतरी खास हवं असेल तर १९९९ पासून कोलाड आणि वेर्ण्याच्या दरम्यान चालणारी रोरो उभी करा: सपाट वाघिणींवर ट्रक, पुढे डिझेल इंजिन. त्यासाठी ट्रकही १:८७ चेच शोधा. खेळण्यांच्या दुकानातल्या लहान गाड्या बहुधा १:६४ च्या आसपासच्या असतात, त्या वाघिणीच्या बाहेर येतात.